समक्ष पाहणी

"अकरावा रकाना रिकामा आहे," अर्ज खिडकीतून आत सरकवता सरकवता बाबांनी परत ओढून घेतला. "रिकामं काही सोडायचं नाही. 'लागू नाही' असं लिही."

"बाबा, तिथे 'बॉयलर असल्यास त्याची क्षमता' असं विचारलंय. माझ्याकडे बॉयलरच नाही."

"म्हणूनच लागू नाही. नाही हे आपण सांगायचं. त्यांनी ओळखायचं नसतं."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, घरून लिहून आणायचं ना. आमचा जन्म जायचा इथे."

बाबांनी वळूनही पाहिलं नाही. मी लिहिलं, त्यांनी कागद घेतले, खिडकीतून हात आत घातला आणि न बघता एक टाचणी काढून अर्ज जोडून टाकला. टाचण्यांची डबी आतल्या बाजूला, उजव्या हाताशी, बाहेरून कोणाला दिसणार नाही अशी ठेवलेली होती. चौतीस वर्षं ती तिथेच होती, आणि चौतीस वर्षं बाबाही आतल्याच बाजूला होते.

बाबा म्हणजे माझे सासरे. परवाना विभागातून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. ऑफिसात त्यांना 'पोटकलम' म्हणत, अर्थात पाठीमागे. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे एक नियम असे आणि त्या नियमाला एक शेपूट असे. घरी आम्हीही ते सोसलं आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, साखर, मीठ, मैदा, आणि प्रत्येक शब्दाखाली पट्टी लावून मारलेली रेघ. मला न वाचता कळतं असं मी एकदा म्हणाले होते. "तुला कळतं. घरात नवीन आलेल्या माणसाला कसं कळणार?" असं उत्तर मिळालं. आमच्या घरात बारा वर्षांत नवीन माणूस आलेला नाही.

पण एक गोष्ट मी सगळ्यांना छाती पुढे काढून सांगत असे. या माणसाने आयुष्यात कोणाचा पैसा खाल्ला नाही. पैसा सोडाच, अर्जदाराचा कपभर चहा घेतला नाही. चहाला ते 'पहिली पायरी' म्हणत. निरोपाच्या दिवशी ऑफिसने दिलेली 'निष्कलंक सेवा' असं कोरलेली पितळी पाटी आमच्या घड्याळाखाली लावलेली होती, आणि ती दर रविवारी मी पुसायची. मला ते काम आवडायचं.

म्हणून मी मोठ्या बेकरीतली नऊ वर्षांची नोकरी सोडून स्वतःची लहानशी बेकरी काढायचं ठरवलं, तेव्हा परवान्याची काळजी मला वाटलीच नाही. घरचीच गंगा, असं मी नवऱ्याला म्हणाले. जागा चांगली मिळाली होती. एका वयस्कर बाईंच्या घराची तळमजल्याची खोली, पुढे रस्ता, मागे दार, दारापलीकडे अरुंद बोळ आणि बोळात नळ. बाई वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या आणि लोकांचे कपडे शिवायच्या. त्यांना मी पहिल्या दिवसापासून मावशी म्हणू लागले. ओव्हन एवढा मोठा निघाला की पुढच्या दाराची चौकट काढून तो आत घ्यावा लागला, आणि मग चौकट पुन्हा बसवली. गवंडी जाताना म्हणाला, "ताई, हा आता बाहेर निघायचा नाही बरं का. तुम्हाला इथेच राहावं लागणार." मी हसले होते.

बाबांना जागा दाखवायला नेलं त्या दिवशी ते रस्ता चुकले होते. घरापासून पंधरा मिनिटांवर. मी समोर उभी राहून हात हलवत होते आणि ते पलीकडच्या गल्लीत दोनदा जाऊन आले. मला गंमत वाटली. चौतीस वर्षं या गावातल्या एकेका दुकानाचे कागद हाताखालून गेलेला माणूस, आणि गावच ओळखीचं नाही. "पूर्वी इथले घरक्रमांक वेगळे होते," ते म्हणाले. मी त्यांना पुढच्याच दाराने आत नेलं, ओव्हन दाखवला, पुढच्याच दाराने बाहेर आणलं. मागे मैद्याची पोती रचलेली होती.

अर्ज दिला त्याला नऊ दिवस झाले. आगीचा दाखला आला, आरोग्याचा आला. दहाव्या दिवशी खिडकीवरच्या मुलीचा फोन आला. ती बाबांच्या हाताखाली शिकलेली. त्यांच्यासारख्याच रेघा मारायची. "ताई, सरांना घेऊन येता का जरा?" ती म्हणाली. "खिडकीवर नको. आत या."

आत तिने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि एक जुनी, कडा झिजलेली फाईल टेबलावर ठेवली. "जागेचा जुना क्रमांक शोधला तेव्हा ही निघाली," ती म्हणाली. "या जागेला आधी एकदा परवाना नाकारलाय. एकोणीस वर्षांपूर्वी. आणि कायमचा नाकारलाय, सर. जागेवरच शेरा आहे. अर्जदार कोणीही असो."

तिने फाईल माझ्याकडे फिरवली. मी वाचू लागले.

'आज रोजी सदर जागेची समक्ष पाहणी केली. जागेस मागील बाजूने दरवाजा नाही. आग वा अपघात घडल्यास बाहेर पडण्यास दुसरा मार्ग नाही. सबब परवाना नाकारण्यात यावा. जागा व्यवसायास कायम अयोग्य.'

"हे काय भलतंच," मी म्हणाले. "मागे दार आहे. मी सकाळीच त्या दारातून कचरा टाकून आले. चांगलं जुनं लाकडी दार आहे, बिजागऱ्या गंजलेल्या. कोण मूर्ख माणूस पाहून गेला होता?"

 मुलगी टेबलाकडे बघत होती. मग माझी नजर पुन्हा त्या कागदावर गेली आणि 'कायम अयोग्य' या शब्दांखाली पट्टी लावून मारलेली रेघ मला दिसली. ते अक्षर मी रोज सकाळी चहा करताना वाचते. साखर. मीठ. मैदा.  मी बाबांकडे बघितलं नाही, बघवलंच नाही.

"दार नंतर भिंत फोडून काढलं असेल," मी म्हणाले. 

"तसंच असेल," मुलगी घाईने म्हणाली. "ताई, तसंच लिहून आणा ना. मालकीणबाईंनी लिहून द्यायचं की दार मी नंतर, विनापरवानगी काढलं. त्यांना थोडा दंड होईल, ताकीद मिळेल, पण शेरा निघेल. पंधरा दिवसांत परवाना देते मी."

"आणि दार तेव्हाही असेल तर?" बाबांनी विचारलं. इतक्या वेळात ते पहिल्यांदाच बोलले.

"तर मग ज्यांनी पाहणी केली त्यांनी लेखी द्यायला लागेल, सर. की अहवाल चुकीचा होता." तिने फाईल बंद केली. "सर, तुम्ही तसं दिलंत तर ती एक फाईल नाही राहणार. वरून विचारतील, बाकीच्यांचं काय. चौकशी लागेल. पेन्शन अडकेल. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

बाबांनी नुसती मान हलवली. नियम त्यांना माहीत होता, शेपटासकट.

बाहेर पडल्यावर ऑफिसच्या पायऱ्यांवर मी त्यांना सरळ विचारलं. "बाबा, तुम्ही गेला होतात का?"

"नाही."

"मग समक्ष पाहणी असं कसं लिहिलंत?"

"मी कधीच जात नसे," ते म्हणाले. अगदी शांतपणे, कोणी वेळ विचारावी आणि सांगावी तसं. "एकाही जागी नाही. सुरुवातीला एकदा गेलो होतो. त्यांनी खुर्ची दिली, चहा आणला, मुलांना नमस्कार करायला लावलं. निघताना खिशात काहीतरी सरकवायला लागले. जागा न बघताच मी पळून आलो. तेव्हाच ठरवलं, जायचं नाही. माणूस समोर आला की मन वाकतं. नकाशा मागवायचा, नकाशावरून लिहायचं. नकाशा कोणाला चहा पाजत नाही."

"आणि नकाशात दार नसेल तर?"

"तर नाही म्हणून लिहायचं."

मला एवढा धक्का आयुष्यात बसला नव्हता. मी त्यांना लाच खाताना पकडलं असतं तर इतकं वाटलं नसतं, कारण तशी माणसं मी पाहिली आहेत. इथे माणूस इतका स्वच्छ राहिला होता की त्याने जगाला हातच लावला नव्हता. त्या पितळी पाटीवर मी किती फडकी झिजवली होती, ते आठवून मला भर रस्त्यात रडू यायला लागलं. पण खरं सांगायचं तर रडू त्यांच्यासाठी नव्हतं, ओव्हनसाठी होतं. आणि म्हणून मीच म्हणाले, "जाऊ दे बाबा. मावशींकडून लिहून घेऊ. दंड आपण भरू. त्या नाही म्हणायच्या नाहीत."

 मीच कागद लिहिला. घरी नवरा कामावरून आला तेव्हा त्यालाही दाखवला. त्याने दोनदा वाचला आणि "बघा बुवा" म्हणून अंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं मावशींकडे वर गेलो. खोलीत शिवणयंत्र खिडकीशी होतं, आणि भिंतीवर त्यांच्या गेलेल्या यजमानांचा फोटो. मावशींनी यंत्र थांबवलं, चष्मा कपाळावर घेतला. मी कागद पुढे केला आणि पटापट बोलत सुटले. परवान्याला थोडी अडचण आहे, नुसती एक सही हवी, मागचं दार नंतर काढलं एवढं लिहायचंय.

"दार?" मावशी म्हणाल्या. "अगं, दार तर माझं लग्न झालं तेव्हापासून आहे. सासऱ्यांनी काढलेलं. पण तुझं काम होत असेल तर देते की सही. तुझे सासरे नियमातले आहेत, ते काय वेडंवाकडं करायला सांगणार आहेत? कुठे करू?"

पेन मीच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कागद यंत्राच्या फळीवर ठेवला, आणि मग सही करता करता थांबल्या.

"या खोलीचं नशीबच तसं," त्या म्हणाल्या. "मलाही तिथे शिवणाचं दुकान काढायचं होतं. चार यंत्रं, दोन मुली हाताखाली. यंत्रं आणूनही ठेवली होती. ऑफिसातून पत्र आलं की अमुक दिवशी साहेब समक्ष पाहणीला येणार. मी पहाटेपासून खोली पुसली. मागचं दार मुद्दाम उघडं ठेवलं, बोळातला उजेड चांगला येतो म्हणून. सकाळपासून बसून राहिले. जेवले नाही. अकराला वाटलं, आता येतील आणि घरात दूध नाही. साहेबांना काय काळा चहा द्यायचा? म्हणून मी दूध आणायला गेले. दहा मिनिटं. दहाच मिनिटं गेले असेन, भाऊ. कुलूप लावून गेले."

बाबा फोटोकडे बघत होते.

"मग संध्याकाळपर्यंत बसले. कोणी आलं नाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं, समक्ष पाहणी केली, मागे दार नाही. म्हणजे साहेब नेमके त्या दहा मिनिटांत येऊन गेले. कुलूप बघितलं असेल, पुढूनच काय ते बघून गेले असतील. आमच्या यांनी जे मनात धरलं ते धरलंच. कुठलंही काम बिघडलं की म्हणायचे, जा, दूध घेऊन ये. लोकांसमोरसुद्धा. आजारी पडले तेव्हाही एकदा म्हणाले." त्यांनी चष्मा खाली घेतला. "त्यांचंही काय चुकलं म्हणा. एक दिवस घरात बसायचं होतं मला, तेवढंही जमलं नाही. कुठे करू म्हणालीस सही?"

मला बोट दाखवायचं होतं. माझं बोट उचललं गेलं नाही. 

बाबांनी वाकून त्यांच्या हाताखालचा कागद काढून घेतला, दोनदा घडी घातली आणि खिशात ठेवला. मग ते उभे राहिले. ऑफिसात मोठे साहेब आले की उभे राहत असतील तसे, हात बाजूला सोडून.

"बाई, तो साहेब मी होतो," ते म्हणाले.

मावशींनी चष्म्यातून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"मी आलोच नव्हतो. दहा मिनिटांत नाही, त्या दिवशी नाही, कधीच नाही. टेबलाशी बसून लिहिलं. तुम्ही घरात असता तरी हेच लिहिलं असतं."

मावशींच्या हातातलं पेन यंत्राच्या फळीवरून घरंगळलं आणि खाली पडलं. कोणी उचललं नाही.  मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे मी दूध आणायला गेले म्हणून नाही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. मी लिहून देतो."

त्या फोटोकडे वळल्या. मला वाटलं आता रडतील, नाहीतर आम्हाला हाकलून देतील, आणि दोन्हीतलं काहीही झालं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "हे त्यांना सांगायला हवं होतं हो कोणीतरी." मग त्यांनी यंत्रावरचं कापड नीट केलं, सुईखाली धरलं आणि पाय चालवायला लागल्या. आम्ही जिना उतरून आलो. खाली येईपर्यंत यंत्राचा आवाज एकदाही थांबला नाही.

त्या रात्री बाबांनी दोन कागद लिहिले. एक ऑफिससाठी, एक मावशींसाठी. दोन्हींत मजकूर सारखाच होता. 'मी सदर जागी गेलो नव्हतो. अर्जदार बाई त्या दिवशी जागेवर हजर होत्या. चूक सर्वस्वी माझी.' मी म्हणाले, ऑफिसच्या कागदात बाई हजर होत्या हे कशाला, ते कोणी विचारलेलं नाही. ते म्हणाले, "रिकामं काही सोडायचं नाही." पट्टी हाताशी होती, पण या वेळी त्यांनी रेघ मारली नाही.

मावशींचा कागद मी त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवला. आठ दिवस त्या खाली उतरल्या नाहीत. ऑफिसातून मात्र भराभर पत्रं आली. चौकशी होईपर्यंत पेन्शन थांबवल्याचं पत्र आलं, मग जुन्या नाकारलेल्या फायलींची यादी आली. यादी चार पानांची होती. बाबा ती चष्मा लावून रोज वाचत आणि विचारत, हा रस्ता कुठे आला गं? पितळी पाटी त्यांनी स्वतः काढून कपाटात ठेवली. भिंतीवर तिच्या जागी पांढरा चौकोन राहिला. नवरा म्हणाला, रंग देऊ. बाबा म्हणाले, राहू दे.

नव्या पाहणीला खिडकीवरची मुलगी आली. पत्रातल्या तारखेला, पत्रातल्या वेळेला. हातात नवीकोरी मोजपट्टी होती, तिचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. दारातच घुटमळली.

"सर, मलाही तुम्ही नकाशावरूनच शिकवलं होतंत," ती म्हणाली. "पाच वर्षांत ही माझी पहिलीच."

"माझीही," बाबा म्हणाले. "चल."

त्यांनी मोजपट्टीचं टोक धरलं. पुढचं दार झालं, लांबी झाली, रुंदी झाली. मी पोती बाजूला केली. मागचं दार त्यांनी उघडलं तेव्हा बिजागऱ्या करकरल्या आणि बोळातला उजेड ओव्हनपर्यंत आला. मावशी म्हणाल्या होत्या तसाच, चांगला उजेड येत होता. मुलीने उंची मोजली, रुंदी मोजली, वहीत लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं, "मागील बाजूस दरवाजा आहे."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मावशी ताट घेऊन खाली आल्या. ताटात चार कप होते. एक मुलीला दिला, एक मला दिला, एक स्वतःला ठेवला. चौथा त्यांनी बाबांपुढे धरला.

"मी घेत नाही," बाबांच्या तोंडून सवयीने गेलं.

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "हा तेव्हाचा आहे. एकोणीस वर्षं ठेवलाय. घ्या."

बाबांनी मोजपट्टी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी कप घेतला. चहा गरम होता, पण ते थांबले नाहीत. उभ्याउभ्या, कोणाकडे न बघता, सगळा प्यायले. मावशी समोर उभ्या राहून त्यांचं पिणं बघत होत्या. तोंडावर राग नव्हता आणि माफीही नव्हती. कप रिकामा झाला तसा त्यांनी हात पुढे केला.

"विसळून देतो," बाबा म्हणाले. "पाणी कुठे आहे?"

"मागच्या दाराने बाहेर. डाव्या हाताला नळ आहे."

बाबा दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याशी थांबले. चौकटीवर एकदा हात ठेवला. मग रिकामा कप सांभाळत, जपून पाय टाकत, ते त्या दारातून बाहेर गेले. थोड्या वेळाने नळाचा आवाज आला.